आईच्या डोक्यातला कोळी

राजगडाच्या पायथ्याला, पालीत, माझी आई गड उतरून आलेल्या पोरांना पिठलं-भाकरी करून घालते. गेल्या वर्षी ती पडवीच्या पायरीवरून घसरली आणि डोकं आपटलं. पुण्यात तपासणी केली. डॉक्टर म्हणाले, मार काही नाही. आत पाण्याची बारीक पिशवी दिसते, ती बहुधा जन्मापासूनची, विसरून जा. रिपोर्टात मात्र त्या पिशवीच्या नावात शब्द होता ‘अरॅक्नॉइड’.

मी नसरापूरला शाळेत इंग्रजी शिकवतो. शब्द दिसला की त्याची कुंडली मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. आईला समोर बसवलं. “ग्रीक भाषेत अराख्ने म्हणजे कोळी, आणि शेवटचं ऑइड म्हणजे सारखं. कोळ्याच्या जाळ्यासारखं! मेंदूवर तसं पातळ आवरण सगळ्यांनाच असतं.” शेवटचं वाक्य तिनं ऐकलंच नाही.

“म्हंजी माज्या डोस्क्यात कोळी हाय?”

दुसऱ्या दिवसापासून आईची चूल बंद, घरच्या भाकऱ्या माझ्या बायकोकडे. वाकलं तर तो खाली उतरेल, म्हणून आई मान ताठ धरून बसायची. नवरात्राच्या साफसफाईत माझ्या बायकोनं काठीला झाडू बांधून जळमटं काढायला घेतली, तर आई ओरडली, “न्हाई! त्याची सोयरी हायती ती. ह्यो आत चिडंल!” आम्हाला हसू आलं. पण तिच्या ताटातली भाकरी रोज तशीच परत जात होती आणि मला भीती वाटायला लागली. डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं, तर म्हणते, “त्येंनी काय हात घालून बगितलंय व्हय?” शहाणपणा माझा नडला होता.

एका दुपारी बायको घरी नव्हती, म्हणून मीच स्वयंपाकाला बसलो आणि कांदा चिरताना विळीवर बोट कापून घेतलं. रक्त बघताच आई ताडकन उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाकून तिनं फळीखालचं जळमट ओढलं आणि जखमेवर दाबलं. विळा लागला की आमच्याकडे हाच इलाज. थोड्या वेळानं रक्त थांबलं.

ती बोटाकडे बघत राहिली. “जाळं रगात धरतं,” ती म्हणाली. “मग माज्या डोस्क्यातलं बी कायतरी धरूनच आसंल की.”

संध्याकाळी आईनं चूल पेटवली. तिनं दीड भाकरी खाल्ली, आणि मला रडू आलं.

परवा शेजारच्या काकू त्यांचा रिपोर्ट घेऊन आल्या. मी चष्मा लावला, तोच आईनं कागद माझ्या हातातून काढून घेतला.

“डाक्टर काय म्हनलं, तेवढं सांग,” ती म्हणाली. “शबुद ऱ्हाऊ दे.”