फॉर्मवर सगळीकडे ‘नेहमी’

“डोळे मिटा. पायाला काही टेकलं की ‘हो’ म्हणा,” हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी डोळे मिटले. काहीच कळेना. एवढा वेळ झाला म्हणजे एव्हाना टेकवलं असणारच, असं धरून मी खणखणीत आवाजात म्हणालो, “हो.”

“काका, मी अजून दोरा हातातही घेतलेला नाही.”

दोरा म्हणजे मोनोफिलामेंट, दात घासायच्या ब्रशच्या केसासारखा नायलॉनचा तंतू. तो तळव्यावर दहा ठिकाणी टेकवतात. मला तीन ठिकाणी कळला. निदान झालं, डायबेटिक न्यूरोपथी. साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. उजव्या अंगठ्याखाली मोठी जखम होती आणि ती दुखत नव्हती. “हाडापर्यंत गेली तर अंगठा काढावा लागेल,” बाईंनी स्पष्टच सांगितलं. “याआधी पाय कधी तपासले होते?”

बायको माझ्याकडे बघत होती, मी छताकडे. कारण चारच महिन्यांपूर्वी मी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, की माझे पाय नेहमी तपासले जातात.

असं का लिहिलं? साडूवर जळून. दुसरं काही कारण नाही.

विलास, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचा मालवणकडचा, राहतो घाटकोपरला, झेरॉक्सचं दुकान आहे. आम्हा दोघांना साखर एकाच वर्षी निघाली. मी मुलुंडला आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जायचो. माणूस वाईट नाही, पण बाहेर ही गर्दी. रिपोर्ट बघून “गोळी चालू ठेवा, गोड बंद” म्हणायचे, की पुढचा पेशंट आत. विलास गेला सरकारी दवाखान्यात. मी हसलो होतो तेव्हा.

तिथे त्याला एक सिस्टर भेटल्या. त्या विचारायच्या, “या महिन्यात तुम्हाला काय जमेल?” हा म्हणाला, रात्रीचा भात निम्मा करतो. त्यांनी ते वहीत लिहिलं आणि पुढच्या महिन्यात आठवणीने विचारलं. पायही तपासायच्या. त्याची एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, नऊवरून सातवर आली. माझी नऊवरून साडेनऊ. मग काय, श्रीखंडाची वाटी माझ्यापुढून उचलताना बायकोचं ठरलेलं वाक्य, “विलासरावांचं बघा जरा.” डोकं फिरायचं माझं!

अशात आमच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये एक कॉलेजची मुलगी फॉर्म घेऊन आली. “काका, रोजचा आजार सांभाळायला दवाखाना तुम्हाला किती मदत करतो, ते आम्ही मोजतोय.” तुमचं मत विचारलं का? काय जमेल ते ठरवायला मदत केली का? पाय तपासले का? पुढे रकाने होते, ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत.

खरं उत्तर सगळीकडे ‘कधीच नाही’. पण आदल्याच रविवारी विलास माझ्या सोफ्यावर पाय ताणून सांगत होता, “एक पोरगी फॉर्म घेवन आमच्या दवाखान्यात इल्ली. मी सगळीकडे ‘नेहमी’ लिवलंय, साडूभाऊ. खराच आसा ता.”

म्हटलं, हा पहिला येणार आणि मी नापास? पेन काढलं आणि वरपासून खालपर्यंत ‘नेहमी’ मारत सुटलो.

महिन्याभराने ते फॉर्म बघून डॉक्टरांनी शनिवारचे वर्ग सुरू केले. एक नर्सबाई येऊन पाय कसे जपायचे, काय खायचं, सगळं शिकवणार होत्या. ज्यांनी ‘कधीच नाही’ लिहिलं होतं त्यांना बोलावणं गेलं. आमच्या मजल्यावरचे दोघं गेले. मी चौकशी केली, तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “तुमचं तर झकास चाललंय ना काका!” मी मान डोलावून घरी आलो. त्यानंतर कधीतरी बुटात खडा गेला. दिवसभर त्यावर चाललो. संध्याकाळी लाल झालेला मोजा बायकोने बघितला आणि मला त्या हॉस्पिटलात नेलं.

मग सहा आठवडे ड्रेसिंग. एक दिवसाआड हॉस्पिटल. पाय टेकवायचा नाही. ने-आण करायला कोण? विलास. दुकान बंद ठेवून.

एकदा बाकावर बसल्या-बसल्या त्याने बूट काढले. तेल लावलेले, गुळगुळीत, शाबूत तळवे. खोटं कशाला सांगू, मनात आलं, खडा याच्या बुटात का नाही गेला? स्वतःचीच लाज वाटली आणि फॉर्मची सगळी हकीकत मी भडाभडा सांगून टाकली. वाटलं, हसेल. तो हसला नाही.

“पाय तुझो, आणि शर्यत माझ्याशी कित्याक रे मेल्या?”

दुसऱ्या दिवशी तो आरसा घेऊन आला. जमिनीवर ठेवून तळवा कसा बघायचा, बूट घालण्याआधी उलटा करून कसा झटकायचा, आत हात कसा फिरवायचा, सगळं दाखवलं. तुम्हाला साखर असेल तर एवढं आजपासून करा. आणि डॉक्टर पाय बघत नसतील तर तोंड उघडा.

अंगठा वाचला. बायकोचे आणि विलासचे उपकार आहेत. त्याला मात्र हे सांगू नका, प्रत्येक लग्नात ऐकवेल.

वर्गांचा फायदा झाला का ते मोजायला ती मुलगी परत आली. या वेळी मी खरं लिहिलं आणि फॉर्म तिला देण्याआधी आत जाऊन डॉक्टरांपुढे ठेवला. पाय तपासले का? कधीच नाही. ते बराच वेळ वाचत होते. बाहेर गर्दी होतीच.

“बूट काढा,” डॉक्टर म्हणाले. नर्सबाईंचा दोरा ड्रॉवरमध्ये होता.

मी डोळे मिटले. विलासला दहाच्या दहा ठिकाणी कळतं. अजून जळतो मी त्याच्यावर. पण त्या दिवशी मी ‘हो’ म्हणालो ते तीनदाच.