अकरा मडकी, एक मोकळं दार

अकरा दारांवर मडकी लटकत होती. नवीकोरी, सुतळीनं बांधलेली, प्रत्येकाखाली एक खराटा. भर दुपारी किनवट तालुक्यातल्या त्या गावात मी जीपमधून उतरलो, तेव्हा बौद्धवाडा चिडीचूप होता. वारा आला की मडकी चौकटीवर टकटक वाजायची. लोक त्यांच्याखालून वाकून ये-जा करत होते. पोलिसांच्या नोकरीत पुष्कळ प्रेतं पाहिली, पण अंगावर काटा आला तो तिथं.

पूर्वी अस्पृश्यांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधत. थुंकी जमिनीवर पडू नये, पाऊल उमटू नये म्हणून. यंदा वाड्यानं जयंतीची मिरवणूक मुख्य रस्त्यानं न्यायची ठरवली होती. त्याला हे उत्तर.

"काढली का नाहीत?" मी विचारलं.

"काढली असती तर तुमीच म्हनला असता, कुठं काय हाय?" फिर्यादी सुमनबाई म्हणाल्या. त्या अंगणवाडीसेविका. "आधी पंचनामा करा. लेकरं लई भेली हायत."

पंचनामा म्हणजे जागेवर दिसेल ते पंचांसमोर लिहून घेणं.

साहेबांचा फोन आला. "कुणी जातिवाचक शब्द उच्चारलाय?"

"नाही सर."

"मग जपून. वकील म्हणेल, ही अभिव्यक्ती आहे."

मी चिडलो. बोलायचं स्वातंत्र्य आहे, दारात येऊन धमकवायचं नाही. पण अॅट्रॉसिटीत समोरच्याची जात माहीत असून केलं, हे दाखवावं लागतं.

पुन्हा ओळीनं फिरलो. घरं बारा होती. मधलं एक दार मोकळं. तिथं आठवड्यापूर्वी लातूरचे एक गुरुजी भाड्यानं आले होते.

"परवा हॉटेलात दोघांनी आडनाव विचारलं," ते हळूच म्हणाले. "सांगितलं. तर म्हणाले, मग ठीक हाय."

"कोण दोघं?"

"सर, मला इथंच नोकरी करायचीय."

"ह्यांनाही इथंच राहायचंय."

त्यांनी नावं सांगितली. जबाबावर सहीही केली. बंदोबस्तात मिरवणूक मुख्य रस्त्यानंच गेली.

कोर्टात आरोपींचे वकील म्हणाले, "तुमच्या दाराला तर काहीच नव्हतं. मग तक्रार काय?"

"तीच," गुरुजी म्हणाले. "माझं आडनाव विचारून माझं दार सोडलं."

दोघांना शिक्षा झाली. तेव्हापासून मी नव्या फौजदारांना सांगतो, दिसतं ते लिहाच, पण दिसायला हवं होतं आणि नाही, तेही लिहा.

निकालानंतर सुमनबाईंना म्हटलं, "जिंकलात."

"हाव साहेब," त्या म्हणाल्या. "पर आमची अकरा दारं दिसत व्हती. तरी साक्षीला बाराव्या दारातला मानूस लागला."