काकासाहेबांचा समुद्र

बदनापूरजवळच्या आमच्या गावापासून समुद्र कुठल्याही बाजूनं लांबच, आणि काकासाहेबांनी तो एकदाही पाहिलेला नाही. तरी बंगालच्या उपसागराची त्यांना सख्ख्या भावासारखी काळजी. चहाच्या आधी मोबाइलवर समुद्राच्या तापमानाचा नकाशा बघायचा आणि मग पारावर येऊन आम्हाला ऐकवायचा, हा त्यांचा नेम. घरची म्हैस आजारी आहे हे मात्र त्यांना शेजाऱ्यांकडून कळलं होतं.

ऑक्टोबरात एक चक्रीवादळ येऊन गेलं. आमच्याकडे नुसते शिंतोडे पडले. आठवड्याभरात त्याच वाटेवर दुसरं उठलं आणि सारं गाव पारावर जमलं. सोयाबीन कापून सुड्या रचलेल्या, आणि मळणीयंत्र अजून शेजारच्या गावात अडकलेलं.

"काही भ्यायचं न्हाई," काकासाहेब म्हणाले. "हौदाचं पाणी उन्हानं वर तापतं, खाली गारच ऱ्हातं. घुसळलं की गार पाणी वर येतं. पहिल्या वादळानं समुद्र तसाच घुसळला. मंग दुसऱ्याला ऊब कुठून मिळंल? उपाशी मरून राह्यलं ते."

बोलणं बिनचूक होतं. मला रागच आला, कारण खोडायला काही सापडेना. पण आमच्या गावाची रीत वेगळी. जाणत्याचं ऐकायचं, मान डोलवायची आणि हळूच त्याच्या शेतात डोकावून यायचं. आमच्यातला भिवा डोकावून आला.

"काकासाहेब, सुडीवर ताडपत्री तर तुमच्याबी हाये," तो भर पारावर म्हणाला.

झालं. काकासाहेब तडक शेतात गेले, मागून आम्ही. त्यांच्या पत्नी गोजरबाई ताडपत्रीची दोरी धरून उभ्या राहिल्या. "अवो, वर्षाचं सारं यातच हाये. झाकलेलं राहू द्या, काय बिघडतं?"

बिघडत होतं ते काकासाहेबांचं नाव. त्यांनी ताडपत्री ओढली, घडी घालून गोठ्यात ठेवली. आम्ही वाहवा केली आणि घरी जाताना आपापल्या सुड्या आणखी घट्ट बांधल्या.

वादळ खरोखरच मेलं. किनाऱ्याला लागेपर्यंत त्यात दम उरला नाही. वारा संपला, पण ढग रमतगमत आमच्यापर्यंत आले आणि ठाण मांडून बसले. पहिल्या सरीलाच सुडी झाकता आली असती. पण भिवा बांधावर उभा होता आणि काकासाहेब त्याला हा पाऊस वादळाचा कसा म्हणता येत नाही ते समजावत होते. गोजरबाईंनी एकटीनं ताडपत्री ओढून आणली तोवर सुडी चिंब झाली होती.

उघडीप झाल्यावर आम्ही त्यांना शेतात भेटायला गेलो. भिवा म्हणाला, "तुमचं बराबर निघालं, काकासाहेब. वादळ मेलंच."

"म्हणलो न्हवतो?" काकासाहेबांचा चेहरा जरा खुललाही.

गोजरबाईंनी सुडीत कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर शेंगा काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवल्या. दाण्यांना कोंब फुटले होते, कुबट वाफ येत होती.

"गरम लागून राह्यलं ना?" त्या म्हणाल्या. "समुद्र गार झाला म्हणून गावभर सांगत फिरले. हे आतून तापून राह्यलं, हे कोणी बघायचं?"