ओला दुपट्टा आणि साहेबांची थंड मोटार

आमच्या घराण्यात पहिला बी.ए. मी, आणि साहेबांची मोटार मागणाराही पहिला मीच. आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. "या उन्हात एसटीनं नेऊ नका, भोवळ येऊन पडल्या तर टाके उसवतील," डॉक्टरांनी बजावलं. आईला तर गावीच जायचं होतं. कचेरीत एसीची मोटार एकच. विचारलं, आणि साहेबांनी दिली. त्यांचा ड्रायव्हर रजेवर, म्हणून कचेरीची जीप चालवणारे महादेवभाऊ सोबत आले.

नागपुरातून निघालो तेव्हा भर दुपार होती. आईनं डोक्याला ओला दुपट्टा (उन्हाचं फडकं) बांधला. एसी सुरू केला, तशी ती म्हणाली, "खिडकी लावू नको गा. कूलर काय बंद खोलीत चालते?"

मलाही पटलं. आम्ही तिघंही कूलरवाले; कूलरला उघडी खिडकी लागते एवढंच ठाऊक, एसी कुणीच वापरलेला नव्हता.

पारडी नाक्यापर्यंत दुपट्टा पापडासारखा वाळला. आईचे ओठ सुकले. "बाबू, जीव घाबरून राहिला."

एवढ्यात रेतीचा ट्रक पुढे आला. रेती डोळ्यांत जाऊ नये म्हणून काचा चढवल्या, आणि थोड्या वेळात मोटार गार!

महादेवभाऊ हसले. "म्हंजे आपण आतापावतो सारा भंडारा रोड थंड करून राहिलो होतो!"

"हा तर कूलरचा उलटा भाऊ हाय," आई म्हणाली. तिला हसताना पाहून मला हायसं वाटलं.

कन्हान नदीच्या पात्रात डांगरवाडी (वाळूतली टरबुजांची शेती) लागली. टरबूज खाल्लं, आईनं दुपट्टा पुन्हा भिजवला. उन्हात उभी मोटार भट्टी झाली होती. आता शहाणे झालो होतो: आधी चारही दारं उघडून आतली वाफ घालवली, मगच काचा लावल्या. पोटावर येणारा झोत आईनं स्वतःच वर वळवला.

गाव दिसताच ती म्हणाली, "आता बंद कर. उन्हातून आल्याबरोबर आपण पाणी पेतो का? तसंच गारव्यातून एकदम उन्हात नाही जायचं."

एसी बंद केला, काचा हळूहळू उतरवल्या. आई आपल्या पायांनी ओसरीवर गेली.

परतताना मागच्या सीटवर तिचा दुपट्टा सापडला. मुठीत धरला. मधल्या घडीत अजून ओल होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांचे आभार मानायला चांगलं इंग्रजी जुळवून गेलो होतो. किल्ली टेबलावर ठेवली आणि तोंडून एवढंच निघालं, "साहेब, आई घरी पोचली."