‘वॉज’ की ‘वॉझन्ट’

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, पडद्यांच्या कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, बारा कॉम्प्युटर आणि एक इन्व्हर्टर, कारण तेव्हा लोडशेडिंगचा काही भरवसा नसायचा. दोन हजारच्या दशकाचा तो मधला काळ. मी चोवीस वर्षांची होते, बी.ए. झाले होते आणि माझं टायपिंग चांगलं होतं. ऑस्ट्रेलियातली एक कंपनी तिथल्या बातम्या, मुलाखती, पत्रकार परिषदा यांच्या ध्वनिफिती आम्हाला पाठवायची आणि आम्ही त्या शब्दशः टाइप करून परत पाठवायचो. ती कंपनी तो मजकूर तिथल्या वर्तमानपत्रांना आणि सरकारी खात्यांना विकायची. कोण काय बोललं, याची ती नोंद.

शिफ्ट सकाळी सहाची. शिवमंदिराजवळच्या आमच्या घरून मी साडेपाचला निघायचे, शेअर रिक्षा पकडून कॅम्पात पोचायचे, तेव्हा ऑस्ट्रेलियात दुपार व्हायला आलेली असायची आणि त्यांचे मंत्री पत्रकारांसमोर उभे राहिलेले असायचे.

पहिले काही महिने मला त्यांचे उच्चारच कळत नव्हते. ‘टुडे’चं ‘टुडाय’. पुढे कान तयार झाला, तसा वेगळाच धक्का बसला. पत्रकार मंत्र्याला मध्येच तोडायचे. “तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही,” असं सरळ तोंडावर म्हणायचे आणि तोच प्रश्न पाच वेळा विचारायचे. मंत्रीही चिडून का होईना, तिथे उभा राहायचा. आमच्याकडे नगरसेवक हारतुऱ्यांसह येताना मी पाहिला होता. त्याला कुणी दुसऱ्यांदा प्रश्न विचारलेला कधी ऐकला नव्हता.

दुपारी घरी गेले की वडिलांना हे सांगायचे. ते कारखान्यातून निवृत्त झाले होते. रोज दोन पेपर वाचायचे, आणि संविधानाची प्रत हाताशी असेल अशी कपाटात वरच ठेवायचे.

“प्रीमियर म्हणजे त्यांचा पंतप्रधान का?” त्यांनी एकदा विचारलं.

“नाही. राज्याचा मुख्यमंत्री. तिथेही आपल्यासारखी राज्यं आहेत, प्रत्येक राज्याची विधानसभा आहे.”

“मग ठीक,” ते म्हणाले. “आपल्या बरोबरीचं आहे.”

एका सकाळी मला अशाच एका राज्याच्या मंत्र्याच्या आवाजाची फाईल आली. सरकारी वृद्धाश्रमातल्या आगीच्या अलार्मचा प्रश्न होता. अलार्म बंद आहेत असा तपासणी अहवाल आला होता, आणि तो दडपून ठेवल्याची बातमी नुकतीच फुटली होती. पत्रकारांनी मंत्र्याला विधानसभेच्या पायऱ्यांवर गाठलं होतं. वारा जोरात होता, माईक घरघरत होता. एका बाईने विचारलं, “हे तुम्हाला निवडणुकीच्या आधी माहीत होतं का?” मंत्री घाईत म्हणाला, “आय वॉज टोल्ड,” मला सांगण्यात आलं होतं. आणि पुढे म्हणाला, मी अधिकाऱ्यांना म्हटलं की आधी अंतिम अहवाल येऊ दे.

मी पायाखालचं पेडल दाबून तेवढा तुकडा चारदा मागे घेतला. जे ऐकलं ते टाइप केलं आणि फाईल पाठवली.

दुसऱ्या दिवशी मी हेडफोन काढून डबा उघडत होते, तेव्हा आमचे मालक बाहेर आले. ते सिंधी गृहस्थ, वयाने माझ्या वडिलांएवढे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांच्या हातात ऑस्ट्रेलियातल्या कंपनीच्या ईमेलचा कागद होता.

“बेटा, वो मिनिस्टर का ऑफिस बोलता है, तुम्ही चुकीचं लिहिलं. तो म्हणाला, ‘आय वॉझन्ट टोल्ड’. मला सांगितलंच नव्हतं. एका तासात सुधारून पाठवा म्हणतात.”

“सर, मी नीट ऐकलंय.”

“एक ‘नॉट’ टाकायचा आहे. टाक आणि पाठव. हे गिऱ्हाईक गेलं तर इथल्या बारा जणांनी कुठे जायचं?”

त्या बारा जणांत मीही होते. पण ऐकलेलं न ऐकलेलं कसं करायचं, ते मला सुचेना.

“मी चुकले असेन तर लगेच बदलते,” मी म्हणाले. “पण आधी दुसऱ्या कुणाला ऐकू द्या. काय ऐकायचंय ते त्याला सांगू नका.”

आमच्याकडे तपासणीचं काम सोनिवलीचा एक सहकारी करायचा. शेतकरी घरातला, घरची अर्धी जमीन इमारतींखाली गेलेली. त्याचं इंग्रजी बोलणं अडखळत असे, पण कान ऑफिसात सगळ्यात पक्का होता. सरांनी त्याला फक्त मिनिट आणि सेकंद सांगितलं. त्याने डोळे मिटून तीन वेळा ऐकलं आणि कागदावर तीन शब्द लिहिले. आय वॉज टोल्ड.

“वाऱ्याचा आवाज आहे ना पण?” सर म्हणाले.

“वारा हाय. पण ‘नॉट’ नाय,” तो म्हणाला. “आणि सर, ज्याला सांगितलंच नाय, तो ‘अहवाल येऊ दे’ असं कुणाला बोलंल?”

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सरांनी स्वतः हेडफोन चढवला. ऐकून झाल्यावर तो काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

“लिख दे,” ते म्हणाले.

“काय लिहू?”

“जे ऐकलंस ते. खाली तुझंच नाव टाक.”

तोवर मी हजारो पानं इंग्रजी टाइप केली होती, पण ती सगळी दुसऱ्यांची होती. माझं स्वतःचं इंग्रजी समुद्रापार जाण्याची ती पहिली वेळ. चार वाक्यं लिहायला मला पाऊण तास लागला. दोन जणांनी स्वतंत्रपणे ऐकलं आहे, अमुक सेकंदाला हेच शब्द आहेत, आपण मूळ ध्वनिफीत तपासावी, आम्ही मजकूर बदलणार नाही. पाठवून झाल्यावर मी तसाच राहिलेला डबा खाल्ला.

दोन दिवस त्या कंपनीकडून एकही फाईल आली नाही. ऑफिसात माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही, पण चहाच्या वेळी गप्पा थांबायच्या. आईने विचारलं, “एवढं ताणायची गरज होती का?” मी म्हटलं, होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका ओळीचा ईमेल आला. मूळ ध्वनिफीत तुमच्या मजकुराशी जुळते, आभार. त्याच्यामागून विधानसभेची फाईल आली. सरांनी ती मलाच दिली. प्रश्नोत्तराचा तास होता, प्रचंड गोंगाट, अध्यक्ष पुन्हा पुन्हा शांत राहायला सांगत होते. विरोधी पक्षनेत्याने कागदावरून मंत्र्याची वाक्यं वाचायला सुरुवात केली. ती मी टाइप केलेली वाक्यं होती, मी दिलेल्या स्वल्पविरामांसकट. तीच मी आता पुन्हा टाइप करत होते. मग मंत्री उठला. म्हणाला, मला आधी काही माहीत नव्हतं असं मी इथे सांगितलं होतं; आता मी माझी डायरी तपासली आहे आणि सभागृहातली ती नोंद दुरुस्त करू इच्छितो. मला निवडणुकीआधी सांगण्यात आलं होतं.

काही आठवड्यांनी त्याला मंत्रिपद सोडावं लागलं. ते वडिलांना सांगितलं, तेव्हा माझा आवाज जरा चढलाच असेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आणि त्या म्हाताऱ्या माणसांचं काय झालं?”

मंत्र्याच्या मागे धावताना मी त्यांना विसरूनच गेले होते. त्यानंतर त्या राज्याची प्रत्येक फाईल मी मागून घेऊ लागले. बऱ्याच दिवसांनी रेडिओवरची एक मुलाखत हाती लागली. त्या आश्रमात राहणाऱ्या एका आजींची मुलगी बोलत होती. अलार्म नवे बसले होते, दर महिन्याला तपासले जात होते. मुलाखतकाराने विचारलं, आता तुमचं समाधान झालं का? ती म्हणाली, “नाही. इतका वेळ का लागला, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.”

मी ते शब्द न् शब्द टाइप केलं. ती जिथे थांबली, तिथे थांबले. मग फाईल सोनिवलीच्या सहकाऱ्याकडे तपासायला दिली. त्याने पूर्ण ऐकली आणि एकही दुरुस्ती न करता पुढे पाठवली.