भिंतीलगतचे स्पीकर

दुकानदार म्हणाला होता, हे स्पीकर भिंतीला लागूनच ठेवायचे, म्हणजे खर्ज भरदार येतो. तसंच झालं. घर सुरांनी भरून गेलं.

चौथ्या दिवशी शेजारची सुलभा आली. आमच्या दोन्ही घरांत ती एकच भिंत.

"त्रास होतोय का गं? आवाज कमी करते," मी म्हटलं.

"नको ताई, संध्याकाळी हे आले की मोठाच ठेवा. आमच्या घरातलं बाहेर ऐकू जात नाही." बोलताना तिने पदर मनगटावर ओढून घेतला.

गाण्यात रमलेल्या माणसाच्या कानावर काय काय पडायचं राहून जातं, या विचाराने मी चरकले.

त्या संध्याकाळी स्पीकर बंदच ठेवले. पलीकडे काहीतरी जोरात आपटलं. मी धावत जाऊन तिची बेल दाबली. आतले आवाज एकदम थांबले.

दार मात्र कुणीच उघडलं नाही.