जांभळा तलाव

"वहिनी, आवाज खाली! प्रेसमध्ये लोक काम करताहेत!"

"कुठलं काम? मशीन बंद आहे. शकीलभाई आपलं भांडण ऐकताहेत. आणि आवाजाचं नंतर बघू. आधी हे पान उजेडात धरा आणि मला सांगा, भोपाळचा मोठा तलाव जांभळा कधीपासून झाला?"

अशोका गार्डनमधल्या शकीलभाईंच्या प्रेसमध्ये वझलवारसाहेब माझ्यासमोर उभे होते. साहेब आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. सचिवालयातून केव्हाच निवृत्त झालेत, घरी मात्र कळवायचं राहिलंय. त्यांनी पान उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "संध्याकाळचा असेल!"

मंडळाचा दिवाळी अंक मी सोनागिरीतल्या घरी कॉम्प्युटरवर लावते. पानं जुळवायची, रंग बघायचे, छपाईची पीडीएफ काढायची. हे मला कुणी शिकवलं नाही. यजमान कारखान्यात होते, ते गेले. मुलगा पुण्याला गेला, त्याचा कॉम्प्युटर मागे राहिला. मी काय तो नुसता पुसत बसणार होते? हेल्प नावाचं बटण दाबलं, शेजारी डिक्शनरी ठेवली आणि वाचत गेले. अंक निघत गेले, आणि दर अंकामागे एक किस्सा उरत गेला. अंक रद्दीत जातात, किस्से जात नाहीत. मी सांगते तेव्हा लोक पोट धरून हसतात. मला अजून हसू आलेलं नाही.

*

अगदी सुरुवातीला मी शकीलभाईंना विचारलं होतं, "तुमच्या मशीनसाठी कलर प्रोफाइल कोणतं लावू?"

स्क्रीनवरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. अमुक कागदावर अमुक शाया कशा उतरतील, हे फाइलला आधी सांगावं लागतं. ते सांगणं म्हणजे प्रोफाइल. नाही सांगितलं, तर मशीन स्वतःच्या मनानं अर्थ लावतं.

शकीलभाई चहा ओतत होते. "आंटी, क्या के रिये हो! जो डाल दोगी, चल जाएगा."

"और न चला तो?"

"तो भी चल जाएगा. भोपाल है!"

मी खुर्ची ओढून तिथेच बसले. एकच पान वेगवेगळ्या तऱ्हेनं काढलं, त्यांच्याच मशीनवर छापून घेतलं, रस्त्यावर नेऊन उन्हात पाहिलं. त्यांच्या कागदाला काय मानवतं ते कळलं, तेव्हा आत आले. शकीलभाईंनी त्या प्रोफाइलचं नाव भिंतीवर लिहून ठेवलं आणि पुढे लिहिलं, 'आंटी वाला'. आजही कुणी विचारलं की ते सांगतात, "आंटी वाला डालो!" या कामात तेवढा एक मान मला मिळाला. तोही भिंतीवर, पानदानाच्या वर.

*

मुखपृष्ठ पास करायला समितीची बैठक जवाहर चौकात भरली. मी छापलेला नमुना घेऊन गेले होते. कुणी हात लावला नाही. "ग्रुपवर टाका ना, वहिनी!"

टाकलं. मुखपृष्ठावर भगवा झेंडा होता. सगळे आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसले.

"पिवळट वाटतोय," खजिनदार म्हणाले.

"छे, लाल आहे," चिटणीसबाई म्हणाल्या.

"माझ्याकडे तर एकदम फर्स्टक्लास!" अध्यक्ष म्हणाले. "हाच पाहिजे!"

खजिनदारांच्या फोनला डोळ्यांना त्रास नको म्हणून पिवळी छटा लावलेली. अध्यक्षांच्या फोनचा उजेड शेवटपर्यंत वाढवलेला. मी म्हटलं, "साहेब, कागदाच्या मागे दिवा नसतो. शाईत इतका झगझगीत भगवा येत नाही."

"मग प्रेसवाल्याला म्हणावं, चांगली शाई वापर!"

ठराव झाला. एकमतानं, टाळ्यांसकट! 'मुखपृष्ठाचा रंग अध्यक्षांच्या फोनप्रमाणे असावा.'

कागदानं ठराव मानला नाही. बोलणी मी खाल्ली.

*

नंतरच्या एका अंकात मजकूरच बिघडला. मी अक्षरं निव्वळ काळ्या शाईत दिली होती. छापून आली ती रंगीत छपाईच्या चारही शायांत, त्या शाया एकमेकींवरून जराशा सरकलेल्या. दर अक्षराला लाल-निळी सावली! मंडळाचे सगळ्यात जुने सभासद देवपुजारीआजोबा अंक उघडून घाबरले आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी तपासलं. डोळे ठणठणीत. आजोबांनी पिशवीतून अंक काढून पुढे केला. डॉक्टर दोन ओळी वाचून थांबले, आणि स्वतःचाच चष्मा काढून पुसायला लागले!

मंडळात हा किस्सा फार चालला. मी मात्र प्रेसमध्ये गेले आणि शकीलभाईंना आलेली फाइल उघडायला लावली. ती माझी नव्हतीच. माझ्या फाइलच्या मानानं अगदीच चिमुकली. प्रोफाइल गायब, फोटो चुरगळल्यासारखे, काळ्या अक्षरांचा स्क्रीनवरचा काळा झालेला, आणि मशीननं तो चार शायांत वाटून टाकलेला.

आमच्या मंडळात शिस्त अशी, की अंतिम फाइल अध्यक्षांच्या हातूनच प्रेसला जाते. मी साहेबांना द्यायची, साहेब पुढे पाठवणार. आणि त्यांच्या मेलमधून मोठी फाइल जात नाही म्हणून साहेबांनी इंटरनेटवर एक फुकट साइट शोधली होती. तिथे फाइल टाकायची, लहान होऊन मिळते. मला न सांगता टाकली होती!

"उघडून पाहिली होती ना, वहिनी. अगदी सेम दिसत होती."

"पुढच्या वेळी मी थेट प्रेसला देईन."

"तसं नाही चालत. प्रॉपर चॅनेल म्हणून काही असतं!"

पुन्हा लहान करणार नाही, एवढं मात्र त्यांनी कबूल केलं.

*

यंदा मधल्या पानांवर कुमुदची चित्रं होती. कुमुद माझी शेजारीण. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, आणि घरी आल्यावर तलाव रंगवला. दरवेळी तोच तलाव, दरवेळी निराळा. प्रदर्शन कधी झालं नाही. ती पानं तिला माझ्या हट्टानं मिळाली.

ती मूळ चित्र मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसायची. "हिरवा थोडा आत घे. वर नको येऊ देऊ." रंग आत घ्यायचा म्हणजे काय, हे कुठल्याही हेल्पमध्ये लिहिलेलं नाही. आम्हा दोघींना कळत होतं.

नमुना छापून आणला. तिनं खिडकीत चित्र आणि कागद शेजारी शेजारी धरले. बराच वेळ बघितलं आणि तलावावर अंगठा टेकवला.

"हाच! मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून माझाच मला भरवसा नव्हता गं. दिसतंय मला. नीट दिसतंय!"

प्रकाशनाच्या दिवशी पहिली प्रत साहेबांनी तिच्या हातात दिली. तलाव जांभळा. वांग्याच्या सालीसारखा. नावेच्या कडा कुरतडल्यासारख्या. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते. गर्दीतून पोचेपर्यंत साहेब बोलून मोकळे झाले होते.

"बघा ताई, तुमच्या चित्राबरहुकूम! अगदी डिट्टो!"

कुमुदनं पान जवळ धरलं. लांब धरलं. मग मिटून मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "छान आलंय."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. सगळे ब्रश धुऊन, फडक्यात गुंडाळून आणलेले. "तू ठेव. मला आता रंग कळत नाहीत."

"अगं, तलाव जांभळाच छापलाय! डोळे ठीक आहेत तुझे."

"तू माझी मैत्रीण. तू असंच म्हणणार. एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर खोटं कशाला बोलेल?"

मी नमुन्याचा कागद काढला, अंकाशेजारी धरला. तिनं एकदाच पाहिलं. "साहेब म्हणतात सारखं आहे, आणि मला निराळं दिसतंय. मग डोळेच गेले ना!"

*

म्हणून मी साहेबांना प्रेसमध्ये बोलावलं होतं. शकीलभाईंनी स्क्रीनवर दोन फाइली शेजारी शेजारी उघडल्या, माझी आणि प्रेसला आलेली, पुन्हा तशीच चिमुकली. "साहब, ये वाली आपके यहाँ से आई थी."

"मेल जातच नव्हती!" साहेब म्हणाले. "प्रकाशन तोंडावर आलेलं. मग काय करायचं होतं मी?"

"मला सांगायचं होतं. मी रिक्षा करून आणून दिली असती."

"वहिनी, एका तलावासाठी किती ताणायचं? कुणाला कळलं? त्या ताईंना तरी कळलं का? छान म्हणाल्या त्या!" मग त्यांनी आवाज मऊ केला. सचिवालयात फाइल बंद करताना करत असतील तसा. "आणि खरं सांगू? पुढच्या वर्षी अंक दुसऱ्या कुणाला द्यावा, असं समितीच्या मनात आहे. तुमचंही वय झालं. नाव राहील ना तुमचं. सल्लागार म्हणून!"

"साहब, आंटी के बिना..." शकीलभाई बोलायला लागले. मी त्यांना हातानंच थांबवलं.

या अंकाखेरीज माझ्याकडे फारसं काही नाही, हे साहेबांना ठाऊक होतं. म्हणूनच ते इतकं हळू बोलत होते.

मी पर्समधून फोन काढला. कुमुदचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन साहेबांच्या हातात दिला. पलीकडे रिंग वाजत होती.

"अंक घ्या तुम्ही, मला सल्लागारसुद्धा नको, तिनं फोन उचलला की फक्त एवढं सांगा, तुमचे डोळे ठीक आहेत, मी खोटं बोललो."